उन्हाचा गॉगल आणि अजिंठ्याचा अंधार



अजिंठ्याहून शाळेची सहल परत निघाली की गाडीत गुरुजी विचारतात, "काय काय पाहिलंत रे?" मुलं भराभर सांगतात, माकडं पाहिली, वाघोरा नदी पाहिली, निजलेला मोठा बुद्ध पाहिला. चित्रांचं विचारलं की आवाज खाली येतात. एखादं धीट पोर म्हणतं, "गुरुजी, आत अंधारच होता की!" ते पोर खोटं बोलत नाही. जी चित्रं पाहायला जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, ती त्याच्यापासून चार हातांवर होती, आणि त्याला नुसती भिंत दिसली. बाहेरच्या उन्हानं त्याचे डोळे अजून सोडले नव्हते, आणि ते सोडायच्या आत रांग पुढे सरकली.

आज त्या उन्हाबद्दल आणि त्यावर घालायच्या काचेबद्दल बोलायचं आहे. कोणत्या उजेडात कोणती काच घालावी, आणि कुठे ती काढून सरळ खिशात ठेवावी. गॉगल म्हटला की आपल्याला लग्नातला नवरदेव आठवतो, नाहीतर सिनेमातला नट. शेतात खुरपणाऱ्या माणसानं गॉगल घातला, तर पारावरची मंडळी त्याला आठ दिवस सुखानं जगू देणार नाहीत. पण थट्टा बाजूला ठेवून ऐका. अजिंठ्यासारखी जागा दुसरी नाही. तिथे पाचशे पावलांत माणूस रखरखीत उन्हातून अंधारात आणि अंधारातून पुन्हा उन्हात असा दहा-वीस वेळा जातो. काचेचं काम काय आणि डोळ्याचं काम काय, हे शिकायचं असेल तर यापेक्षा चांगली शाळा मिळायची नाही.

आधी डोळ्याचं पाहू. उजेड मोजायचं एक माप आहे, त्याला लक्स म्हणतात. एक मेणबत्ती एका मीटरवर जेवढा उजेड टाकते तो साधारण एक लक्स धरा. दुपारचं स्वच्छ ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं. लेण्याच्या आतल्या बाजूला, मंद दिव्यांच्या उजेडात, ते काही दहांवर किंवा त्याहूनही खाली येतं. म्हणजे उंबरठा ओलांडताना उजेड हजारो पटींनी कमी झाला. डोळ्याची बाहुली उन्हात दोन मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. हिशेब केलात तर तिचं क्षेत्रफळ सोळा पट वाढतं. हजारांच्या घरातला फरक सोळा पटींनी कसा भरून निघणार?

बाकीचं काम डोळ्याच्या आतला पडदा करतो. त्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी आहेत. शंकूच्या आकाराच्या पेशी भर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दांडीच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. उन्हात या पेशींमधलं रसायन विटून गेलेलं असतं आणि अंधारात ते पुन्हा भरून यायला वेळ लागतो. शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात. दंडपेशींना पुरतं सावरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. या दंडपेशींचं रसायन अ जीवनसत्त्वापासून बनतं, म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई आणि गाजर खायला सांगतात ते याचसाठी.

आता आपल्या सहलीकडे या. मुलं फर्दापूरच्या फाट्यावर बस बदलून, पायऱ्या चढून, उन्हात तापून वर येतात आणि तशीच पहिल्या लेण्यात शिरतात. आत थोडीच मिनिटं मिळतात, कारण चित्रांच्या लेण्यांत गर्दी फार वेळ थांबू देत नाहीत. माणसाच्या श्वासातली वाफ आणि अंगाची ऊब चित्रांना बाधते, त्यामुळे हा नियम योग्यच आहे. दिवे मोठे करा म्हणाल, तर उजेडानं रंग विटतात. फ्लॅश मारून फोटो काढायला मनाई आहे ती त्याचसाठी. लेण्यातला उजेड वाढणार नाही आणि तिथली मिनिटंही वाढणार नाहीत. तयारी करायची ती आपल्या डोळ्यांनी, आणि ती बाहेर असतानाच.

इथे गॉगल कामाला येतो. दिवसभर भर उन्हात राहिलेला डोळा अंधाराला रुळायला अधिक वेळ घेतो, आणि उन्हात गडद काच वापरली तर ही अडचण बरीच टळते, असं १९४८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलं. समुद्रावर रात्रीचा पहारा करणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा होता. आपला पहारा चित्रांवर आहे, एवढाच फरक. म्हणून पायऱ्या चढताना आणि एका लेण्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या उघड्या वाटेवर गॉगल घाला. लेण्याच्या ओसरीत आलात की तो काढा.

हे काढणं लोक विसरतात. उन्हासाठी जी नेहमीची गडद काच मिळते, ती शंभरातले आठ ते अठरा भागच उजेड आत सोडते. ती डोळ्यांवर ठेवून तुम्ही आत गेलात तर लेण्यातल्या तुटपुंज्या उजेडातले ऐंशीहून अधिक भाग तुम्ही स्वतःच दाराशी अडवले. गॉगल लावून पद्मपाणीसमोर ऐटीत उभे राहिलेले पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांनी काय पाहिलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

ज्यांच्या गॉगलला नंबर आहे त्यांनी साधा नंबरचा चष्माही बरोबर ठेवावा, नाहीतर आत गॉगल घालून अंधार आणि काढून धुकं अशी गत होते. आणि उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा, ज्यांना फोटोक्रोमिक म्हणतात, त्यांचा स्वभावही माहीत असू द्या. त्या उन्हात लवकर काळ्या होतात, पण आत गेल्यावर पांढऱ्या व्हायला त्यांना काही मिनिटं लागतात, आणि अजिंठ्यात नेमकी तीच मिनिटं मोलाची असतात. शिवाय फार उकाड्यात त्या पुरत्या काळ्या होत नाहीत, म्हणजे मे महिन्यात मराठवाड्यात त्यांची धाव तोकडी पडते. मोटारीच्या पुढच्या काचेमागे तर त्या जवळजवळ होतच नाहीत, कारण ज्या अतिनील किरणांनी त्या काळ्या व्हायच्या, ते किरण मोटारीची काच आधीच अडवते. शाळा-कचेरीत बसणाऱ्याला त्या सोयीच्या आहेत. लेणी पाहायला मी तरी त्या सुचवणार नाही.

गॉगल नसला तरी एक युक्ती आहे, आणि मुलांना ती खेळासारखी वाटते. दोन्ही डोळे अंधाराला वेगवेगळे रुळतात. लेण्यात शिरण्यापूर्वी सावलीत बसवून मुलांना एक डोळा तळहातानं पाच-सात मिनिटं झाकून ठेवायला सांगा. आत गेल्यावर हात काढायचा आणि आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं तीच भिंत पाहायची. उघड्या राहिलेल्या डोळ्याला जिथे काळोख दिसतो, तिथे झाकलेल्या डोळ्याला हात, मुकुट, फुलं दिसू लागतात. विज्ञानाच्या पुस्तकातला अख्खा धडा तिथे उभ्या उभ्या होतो. मात्र हे बसूनच करायचं. एक डोळा झाकून पायऱ्या चढायच्या नाहीत.

गुरुजींनी मुलांच्या कानावर आणखी एक गोष्ट घालावी. उजेड मंद होत गेला की डोळ्याला तांबडा रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा-हिरवा त्या मानानं उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे टिपलं, म्हणून त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. संध्याकाळी अंगणातला लाल जास्वंद आधी विझतो आणि पानं मागे राहतात, ते यामुळेच. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन रंगवलेली आहेत. त्यांत गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा पिवळा आहे, हिरव्या मातीचा हिरवा आहे, दिव्याच्या काजळीचा काळा आहे, आणि अफगाणिस्तानाकडून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा आहे. आत शिरल्या शिरल्या गेरू काळा वाटला तर तो काळा समजून पुढे जाऊ नका. थोडं थांबा, तो तांबडा होईल.

आता काचेच्या रंगाकडे वळू. पुष्कळांना वाटतं रंग म्हणजे आवडीचा प्रश्न. तसं नाही. प्रत्येक रंगीत काच उजेडातून काहीतरी काढून घेते, आणि काय काढून घेते त्यावर तिचा उपयोग ठरतो. करडी काच सगळे रंग सारख्याच मापानं कमी करते, म्हणून जग मंद दिसलं तरी खरं दिसतं. तपकिरी काच निळा अधिक काढते. त्यामुळे धुरकट हवेत दूरच्या डोंगराच्या कडा उठून दिसतात, वाहन चालवणाऱ्याला ती आवडते, पण निळा रंग तिच्यातून मळकट होतो. पिवळी काच निळा जवळजवळ सगळाच कापते. ती ढगाळ दिवसाला, पावसाळी धुरकटीला ठीक. भर उन्हात ती पुरत नाही. आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांसाठी म्हणून पिवळा चष्मा विकतात त्याला भुलू नका, कारण रात्री तो असलेला उजेडच कमी करतो.

ढगाळ दिवसाला वेगळी काच कशाला, असं तुम्ही म्हणाल. याचं उत्तर बर्फात मिळतं. काश्मीरात गुलमर्गला, उत्तराखंडात औलीला, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ चालतो, त्याला स्कीइंग म्हणतात. ते खेळाडू एकाच गॉगलला दोन-तीन काचा बाळगतात. स्वच्छ ऊन पडलं की अगदी गडद काच, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो. आपल्या कोरड्या वाळूचं हेच प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि मातीचं, गवताचं तर दहाच्याही खाली. आभाळ भरून आलं की मात्र खेळाडू गडद काच काढतात आणि फिकट गुलाबी किंवा पिवळी चढवतात. खाली पांढरं, वर पांढरं, सावली कुठेच नाही. अशा वेळी समोरचा खड्डा दिसत नाही आणि माणूस भरवेगात त्यात जातो. ती फिकट काच निळसर धुरकटपणा काढून टाकते आणि बर्फावरच्या पुसट सावल्या उठवून दाखवते. रात्री दिव्यांच्या उजेडात खेळ असेल तर बिनरंगी काच. एकाच उतारावर, एकाच माणसाला, उजेडाप्रमाणे तीन काचा लागतात.

आपल्या गावागावांतली पोरं सैन्यात आहेत आणि हिमालयातल्या चौक्यांवर पहारा देतात. त्यांच्या डोळ्यांवर गडद गॉगल असतो तो ऐटीसाठी नसतो. तो नसला तर काही तासांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायला लागतं, पाणी वाहतं, डोळा उघडवत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या पोराचे रात्री डोळे सुजतात, तोच हा प्रकार. काच हाताशी नव्हती त्या काळी उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक हाडाची किंवा लाकडाची पट्टी डोळ्यांवर बांधून तिला बारीक आडवी चीर ठेवत. बिनकाचेचा गॉगलच म्हणा ना!

बर्फावरची ती सर्वांत गडद काच आपल्याकडे मात्र नको. दुकानात गॉगलच्या आतल्या कडेवर किंवा चिठ्ठीवर कधी कधी शून्य ते चार असा दर्जा लिहिलेला असतो. शून्य म्हणजे जवळजवळ बिनरंगी, चार म्हणजे शंभरातले तीन ते आठच भाग उजेड सोडणारी. चार नंबरची काच घालून गाडी चालवायची नसते. आपल्या उन्हाला तीन नंबर पुष्कळ झाला, आणि झाडीतून, ढगाळ दिवसांत फिरणाऱ्याला दोन.

पण काळेपणा पाहून फसू नका. डोळ्याला खरी इजा अतिनील किरण करतात, आणि ते अडवण्याचा गुण काळेपणात नसतो. तो काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावरच्या लेपात असतो. बिनरंगी काचही ते अडवू शकते. जत्रेतला काळाकुट्ट गॉगल ते अडवत नसेल, तर तो नसलेला बरा. काळोखी झाली म्हणून बाहुली मोठी उघडते आणि त्या मोठ्या दारातून ते किरण अधिक आत जातात. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग अधिक नितळ असतं, त्यांच्या डोळ्यांत हे किरण खोलवर पोचतात. म्हणून मुलांना खेळण्यातले काळे चष्मे घेऊन देऊ नका. चांगल्या गॉगलवर 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं असतं, पण लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार? चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे मोजायचं छोटं यंत्र असतं. तिथे मोजून मागायला लाजू नका. आणि घेताना गॉगल हातभर लांब धरून त्यातून खिडकीच्या उभ्या गजाकडे पाहा, हात हळूहळू हलवा. गज वाकला, लचकला, तर काच सदोष आहे. तिनं डोकं दुखेल.

आपल्या मळ्यात राबणाऱ्या माणसाला ऊन, वारा आणि धूळ तिन्ही एकदम लागतात. डोळ्याच्या पांढऱ्यावरून बुबुळाकडे मांसाची वेल चढते ती अशाच माणसांत अधिक दिसते. मोतीबिंदूच्या कारणांतही ऊन एक आहे. गॉगल परवडत नसेल तर निदान कपाळावर सावली धरणारं काही असावं. रुंद काठाची टोपी डोळ्यांवर पडणारे अतिनील किरण जवळजवळ निम्म्यानं कमी करते. आपली पांढरी टोपी डोक्याला मान देते, डोळ्याला सावली देत नाही. उपरणं पुढे ओढून घेतलं किंवा बायाबापड्यांनी पदर कपाळावर पुढे घेतला तर थोडंफार काम होतं. सूर्याकडे थेट पाहायला मात्र कोणताच गॉगल चालत नाही, ग्रहणात तर नाहीच.

आता पुन्हा लेण्यांत चला, कारण काचेची एक गोष्ट तिथेही घडून गेली आहे. १८१९ साली मद्रासच्या सैन्यातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावर कोरलेलं आपलं नाव अजून आहे. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल यानं वर्षानुवर्षं इथल्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. अंधुक उजेडात रंग नीट दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश चढवलं गेलं. ओला दगड कसा उजळ दिसतो, तसे ते रंग उजळले. १९२० नंतर निजामाच्या राज्यात इटलीहून आलेल्या जाणकारांनी सुटणारे गिलावे पक्के केले. त्याही कामात लाखेचा लेप वापरला गेला. हे लेप काळानं पिवळे पडले, तपकिरी झाले, वर धूळ आणि काजळी बसली. चित्रालाच जणू कोणी तपकिरी चष्मा चढवला, आणि तो काढून खिशात ठेवायची सोय नव्हती. त्यातून लाजवर्दी निळा मळकट दिसणार हे तुम्हाला आता सांगायला नको. १९९९ पासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हा थर बोट-बोट जागेवरून उतरवायला घेतला, तेव्हा दहाव्या लेण्यात कित्येक वर्षं काळ्या डागाखाली असलेली चित्रं वर आली.

माणसाच्या डोळ्यातही असंच होतं. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग आपोआप पिवळसर होत जातं, बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही. मोतीबिंदू काढलेली आजी दवाखान्यातून आल्यावर म्हणते, "अगं, हे पातळ एवढं निळं होतं?" तेव्हा ती खरंच सांगत असते. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना अजिंठ्याला नेलंत तर त्यांना मुलांपेक्षा दुप्पट वेळ द्या, आणि उंबरठ्यावर हात धरा. लेण्यांचे उंबरे उंच-सखल आहेत.

बाहेर पडतानाही थोडी काळजी घ्या. अंधाराला रुळलेल्या डोळ्यांवर एकदम ऊन आलं की क्षणभर समोरचं काही दिसत नाही, आणि पुढे पायऱ्या असतात. गॉगल घालायचा तो ओसरीतच, उभं राहून. मुलांना ओसरीत थांबवून, पटावरची संख्या मोजून मगच खाली सोडा. ऊन तिरपं असतं तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर पोचलात तर चढ सोसवतो आणि डोळेही कमी दिपतात. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा सहलीचा वार धरताना तेवढं पाहा.